नोटीस बोर्ड कोण वाचतो?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरव समारंभात वक्त्याने गुणवंतांचे कौतुक करावे, अशी रीत आहे. ते कौतुक आमच्या आधीच्या वक्त्यांनी मनापासून केले आहे आणि ज्यांची नावे पुकारली गेली त्या सर्वांचे आम्हीही अभिनंदन करतो. परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते या यादीत ज्याचे नाव नाही अशा एका मुलाविषयी आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डाविषयी. नोटीस बोर्ड हा काय भाषणाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तसेच म्हटले असते. आम्ही म्हणजे मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य समितीतील पाच जण. आमच्यात दोघे निवृत्त आहेत, एक बँकेत आहेत, एक शिक्षिका आहेत आणि एक जण स्वतः अजून शिकत आहे.

हा मुलगा आपल्याच वस्तीतला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. रात्री एका गोदामात पार्सले वेगळी करण्याचे काम करायचा, पहाटे घरी येऊन अंघोळ करायचा आणि सात वाजता कॉलेजात हजर व्हायचा. साडेदहाला तास संपले की घरी येऊन झोपायचा. कॉलेजच्या ऑफिसची खिडकी उघडते अकराला. नोटीस बोर्ड त्या खिडकीसमोर, जाळीच्या कुलूपबंद कपाटात. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता. तो एकदा भरला की तिन्ही वर्षांचे काम झाले, अशी त्याची समजूत. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते हे त्याला कोणी सांगितले नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात सूचना आली होती म्हणे. आली असेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि विनोद यांच्या ढिगात ती आली, तेव्हा हा झोपलेला होता.

मार्चमध्ये पूर्ण फी भरा, मग हॉल तिकीट, असे त्याला सांगण्यात आले. आईने बचत गटातून कर्ज काढले. परीक्षा झाली, मुलगा पासही झाला. पण तिसऱ्या वर्षाला त्याने नाव घातले नाही. गोदामात आता तो दिवसपाळीही करतो.

इथपर्यंत ऐकून आपण कॉलेजला दोष द्याल. आम्हीही दिला. मग एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी विहारातील टेबलाचे खण साफ करताना एक कागद सापडला. त्याच कॉलेजच्या, त्याच शिष्यवृत्तीच्या सूचनेची झेरॉक्स प्रत. आपल्याच एका सभासदाने ती ऑक्टोबरमध्ये, रविवारच्या वंदनेनंतर वाचून दाखवा म्हणून आणून दिली होती. त्या रविवारी वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम होता, भाषणे लांबली, जेवणाला उशीर होत होता. कागद खणात गेला. तो मुलगा त्या दिवशी जेवण वाढायला होता. आमच्यापासून दहा हातांवर.

आम्ही ही गोष्ट अशासाठी सांगितली की, यापुढे जे बोलू ते उपदेश म्हणून ऐकले जाऊ नये.

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची एक व्यवस्था आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली असे पहिले सरकारी कॉलेज निघाले. त्या वेळी त्याला ज्युनिअर कॉलेज म्हणत. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या अहवालानंतर 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. कॉलेज घराजवळ असावे, फी कमी असावी, प्रवेशाला अटी थोड्या असाव्यात, नोकरी करणाऱ्याला संध्याकाळीही शिकता यावे, आणि दोन वर्षे पूर्ण झाली की त्या अभ्यासाच्या जोरावर मोठ्या विद्यापीठात पुढच्या वर्षाला जाता यावे, अशी ती कल्पना. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात याच नावाची योजना काढली होती. तिचा पसारा फार झाला नाही.

पण ही कल्पना आपल्याला अमेरिकेकडून शिकायची नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. दिवसा कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या कारकुनाला पदवी घेता यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांपैकी कितीतरी जण त्या सकाळच्या वर्गांतून बाहेर पडलेले आहेत. पुढे १९५० साली औरंगाबादला मिलिंद निघाले. मराठवाड्यातील खेड्यांतल्या, घरात पहिल्यांदाच अक्षर ओळखणाऱ्या मुलांसाठी ते होते. कॉलेजने विद्यार्थ्याच्या सोयीने वागावे, विद्यार्थ्याने कॉलेजच्या सोयीने नव्हे, हा विचार आपल्या घरचा आहे.

फरक एवढाच की, अमेरिकेतील त्या कॉलेजांत विद्यार्थ्याला सल्ला देण्यासाठी पगारी माणूस नेमलेला असतो. कोणता विषय घ्यावा, कोणती मदत मिळते, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे तो समोर बसवून सांगतो. आपल्याकडील बहुतेक कॉलेजांत त्या माणसाच्या जागी नोटीस बोर्ड असतो.

आता त्या बोर्डावर असते तरी काय, ते थोडे पाहू. पालकांनी विशेष लक्ष द्यावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची. ही शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ साली, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. म्हणजे आपल्या मुलाने जो फॉर्म भरायचा राहून गेला, त्याच्या मागे हा इतिहास आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती. त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे निर्वाहभत्ता नाही पण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. आमच्या अनुभवात नोकरदार पालकांना ही फ्रीशिप माहीतच नसते. "आमचे उत्पन्न जास्त आहे, आम्हांला काही मिळत नाही," असे म्हणून ते अर्जच करीत नाहीत.

अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा. नवीन अर्ज वेगळा, नूतनीकरण वेगळे, आणि नूतनीकरण दरवर्षी. अर्ज भरून झाला म्हणजे काम संपले नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो आणि तेथून पुढे समाजकल्याण कार्यालयाकडे. कितीतरी अर्ज कॉलेजच्या पातळीवरच पडून राहतात. कधी क्लार्क रजेवर असतो, कधी एक दाखला अस्पष्ट दिसतो म्हणून अर्ज परत पाठवलेला असतो, आणि विद्यार्थी समजतो की पैसे येतीलच. दर पंधरा दिवसांनी आपला अर्ज कुठपर्यंत पोहोचला हे स्वतः उघडून पाहावे.

दुसरी अडचण बँकेची. पैसे येतात ते आधार जोडलेल्या खात्यात. खात्याला आधार क्रमांक देणे आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते खाते आधारशी संलग्न होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या समितीतील बँकेतले सहकारी सांगतात की, विद्यार्थी पासबुक दाखवून म्हणतो, "आधार दिलेले आहे". पण पैसे आईने पूर्वी गॅस सबसिडीसाठी काढून दिलेल्या भलत्याच खात्यात जाऊन पडलेले असतात. आणखी एक सावधगिरी. काही वर्षांपासून केंद्राच्या हिश्श्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि तिच्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो. पावसाळ्याच्या तोंडावर घरावर पत्रे टाकायचे असतात, खात्यात पैसे दिसतात, आणि ते पत्र्यांना जातात. पत्रेही लागतातच, आम्ही नाकारत नाही. पण मग मार्चमध्ये कॉलेज फी मागते तेव्हा कॉलेजचे चुकते असे म्हणता येत नाही.

ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि जे घरापासून दूर राहून शिकतात, त्यांच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, राहणे आणि किरकोळ खर्च मिळून मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत आणि इतरत्र त्याहून कमी रक्कम मिळते. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून रडत गावी परत गेलेली एक मुलगी आम्हांला माहीत आहे. स्वाधारचे नाव तिने तोपर्यंत ऐकलेलेही नव्हते.

आता जात पडताळणी. हा विषय कंटाळवाणा आहे, पण इथे मंडळाच्या ज्येष्ठांचे काम आहे म्हणून थांबतो. इंजिनिअरिंग, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून मिळत नाही. अकरावी-बारावीतच अर्ज करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जुना महसुली कागद असे काहीतरी. आपल्या घरांत काय होते? धम्मदीक्षेनंतर वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिले गेले, काहींच्या 'नवबौद्ध', आणि आजोबांच्या नोंदीत जुनी जात. हे सारे एकाच घराचे कागद आहेत हे वंशावळीच्या शपथपत्राने दाखवावे लागते. नावातही फरक असतो. शाळेत मास्तरने आडनावाऐवजी गावाचे नाव लावलेले असते. केंद्राच्या सवलतींचा दरवाजा बौद्धांना १९९० च्या कायदादुरुस्तीने उघडला. तोपर्यंत धर्मांतर केलेल्या आपल्या माणसांना केंद्राच्या यादीत स्थान नव्हते. आजही केंद्राच्या संस्थेत किंवा नोकरीसाठी अर्ज करताना केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो, आणि नुसता 'बौद्ध' हा शब्द तेथे पुरत नाही, मूळ जातीचा उल्लेख लागतो. आपण सोडलेले नाव पुन्हा कागदावर लिहायला लागते, याचे दुःख काही ज्येष्ठांनी आमच्याजवळ बोलून दाखवले. ते दुःख खरे आहे. पण मुलीचा प्रवेश जाऊ देऊ नका.

गेल्या वर्षी एका मुलीच्या आजोबांच्या शाळेचा पत्ताच लागेना. तिच्या वडिलांचा जन्मच इथला, गावी कोणी उरले नाही. तेव्हा आपल्या मंडळाचे पंचाहत्तरी ओलांडलेले एक काका म्हणाले, "ती शाळा आधी चावडीत भरायची, मग लोकल बोर्डाची झाली, रजिस्टर केंद्रशाळेत असेल." ते स्वतः एस.टी.ने मुलीच्या वडिलांबरोबर गेले. दोन दिवस लागले, उतारा मिळाला. हे ज्ञान कोणत्याही पोर्टलवर नाही. ज्येष्ठ सभासदांनो, आपण म्हणता आता आमचा काय उपयोग. तर हा उपयोग आहे.

कार्यक्रमांविषयीही बोलले पाहिजे. आपली मुले एप्रिलमध्ये वक्तृत्व स्पर्धेला उभी राहतात आणि वर्षभर कॉलेजच्या बाकी कोणत्याही गोष्टीत दिसत नाहीत. पालकही म्हणतात, अभ्यास करा, नसते उद्योग नकोत. १९५० च्या जानेवारीत बाबासाहेब सिद्धार्थ कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले होते. देशाचे कायदामंत्री कॉलेजच्या पोरांच्या पार्लमेंटपुढे उभे राहिले, कारण ती पोरे तेथे वाद घालायला शिकत होती. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या मुलांनी ते केले. तो उद्योग नसता होता काय?

राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण घ्या. १९६९ साली सुरू झालेली ही योजना. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर. शिबिरात मुलीला पाठवायला पालक तयार होत नाहीत, हे आम्ही जाणतो. प्राध्यापिका सोबत असतात. आधी त्यांना भेटून या, मग नाही म्हणा. चार लोकांसमोर उभे राहून बोलण्याची सवय वर्गात बसून होत नाही. 'आविष्कार' ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. तीत पदवीच्या मुलांनाही भाग घेता येतो. आपल्या वस्तीतल्या नाल्याच्या पाण्यावर प्रकल्प करा, घरकाम करणाऱ्या बायांच्या पगारावर करा. विषय शोधायला लांब जावे लागत नाही.

'कमवा व शिका' योजनेबद्दल मात्र आम्हांला थोडे रागाने बोलायचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत हा मार्ग घालून दिला आणि आज अनेक विद्यापीठांत, कॉलेजांत ही योजना चालते. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत काही तास काम करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. आपली काही मुले फॉर्म भरत नाहीत, कारण बागेत काम करताना वर्गातली मुले पाहतात. गोदामात रात्रभर ओझी उचललेली चालतात, कारण तेथे ओळखीचे कोणी नसते. बाबांनो, ग्रंथालयातले काम मागा. दोन तास पुस्तके लावाल, उरलेल्या वेळात तीच वाचाल, आणि नोटीस बोर्डही दिवसा दिसेल.

परदेशी शिक्षणाचे स्वप्न पाहणारे आज समोर तिघे-चौघे तरी बसलेले आम्हांला माहीत आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत आणि उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती निराळी, तिच्या ७५ जागा. परदेशी विद्यापीठाचा प्रवेश आधी मिळवावा लागतो, म्हणून तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावी. एक गोष्ट मात्र खटकते ती सांगतो. २०२२ पासून केंद्राच्या शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील समाजशास्त्रीय अभ्यास हे विषय वगळले आहेत. बाबासाहेबांनी कोलंबियात १९१६ साली भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याच विषयासाठी आज एखादा मुलगा तेथे जाऊ म्हणेल तर त्याला ही शिष्यवृत्ती नाही. मंडळाने याबद्दल खासदारांना निवेदन द्यावे, अशी आमची सूचना कार्यकारिणीपुढे ठेवलेली आहे.

ज्यांचे शिक्षण सुटले त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाच्या घरी आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा खणातल्या कागदाची गोष्ट त्याला आणि त्याच्या आईला सांगितली. आई काही बोलली नाही, चहा केला. दुसऱ्यांदा मुक्त विद्यापीठाचे माहितीपत्रक घेऊन गेलो. तो म्हणाला, "बघू." बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

त्या एप्रिलपासून समितीने एक साधे काम धरले आहे. आपल्या वस्तीतील मुले ज्या कॉलेजांत जातात त्या प्रत्येक कॉलेजचा नोटीस बोर्ड आठवड्यातून एकदा, ऑफिस उघडे असताना, आमच्यापैकी कोणीतरी वाचून येतो. फोटो काढतो, मोठ्या अक्षरांत मराठीत लिहितो आणि विहाराच्या दारावर लावतो. रविवारी वंदना झाल्याबरोबर, बाकी कार्यक्रमाच्या आधी, ते वाचले जाते. प्रमुख पाहुणे ताटकळले तरी चालतील, असे कार्यकारिणीने ठरवून दिले आहे, याबद्दल अध्यक्षांचे आभार. एका कॉलेजात शिपायाने आम्हांला हटकले, "तुम्ही कोण?" आम्ही सांगितले, पालक. आता तोच नवीन सूचना लागली की फोन करतो. मात्र कॉलेजे बरीच आणि आम्ही पाच. गुरुवारी दुपारी दोन तास देऊ शकतील अशा आणखी चार जणांची गरज आहे. कॉलेजात शिकलेलेच हवेत असे नाही, वाचता आले पाहिजे.

नव्या वर्षाचे अर्ज सुरू झाले की दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही विहारात कॉम्प्युटर घेऊन बसतो. येताना जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, मागील परीक्षेची गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, फीची पावती, बँकेचे पासबुक आणि शिधापत्रिका आणावी. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स. मध्ये एखादे वर्ष शिक्षण थांबले असेल तर त्याचे कारण लिहिलेले स्वयंघोषणापत्रही आणावे. आणि आधारला जोडलेला मोबाईल सोबत असू द्या, ओ.टी.पी. त्यावरच येतो. तो नंबर जुना असेल, बंद पडला असेल, तर आधी तो बदलून घ्या. त्याला काही दिवस लागतात.

जयभीम.